ॲक्सेस फॉर्म : रकान्याचा रंग बदलताना होणारी चूक

आज आपण मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये एखाद्या रकान्याचा मागचा रंग कसा बदलायचा ते पाहणार आहोत. काम पाच मिनिटांचं आहे. पण ते चुकीच्या जागी केलं, तर रंग खोटं सांगायला लागतो.

उदाहरण घेऊ एका धर्मादाय दवाखान्याच्या औषधसाठ्याचं. टेबलमध्ये औषधाचं नाव, नगसंख्या आणि मुदत संपण्याची तारीख आहे. फॉर्म कंटिन्युअस प्रकारचा आहे, म्हणजे एकाखाली एक ओळी दिसतात. आपल्याला हवं आहे ते असं : मुदत संपलेल्या औषधाची तारीख लाल दिसावी, तीस दिवसांत संपणाऱ्याची नारिंगी.

आधी सोपा प्रकार. सगळ्या रकान्याला एकच रंग हवा असेल, तर फॉर्म डिझाइन व्ह्यूमध्ये उघडा, मुदतीच्या टेक्स्ट बॉक्सवर क्लिक करा, प्रॉपर्टी शीट उघडा आणि बॅक कलर निवडा. रंग दिसत नसेल, तर बॅक स्टाइल बघा. तिथे ट्रान्स्परंट असेल, तर नॉर्मल करा. झालं.

आता खरी अडचण. थोडंफार कोडिंग येणारी मंडळी काय करतात? फॉर्मच्या ऑन करंट या इव्हेंटमध्ये लिहितात की तारीख उलटून गेली असेल, तर टेक्स्ट बॉक्सचा बॅक कलर लाल कर, नाहीतर पांढरा कर. वाचायला बरोबर वाटतं. फॉर्म चालवला की मात्र सगळा रकाना एकदम लाल होतो. खालच्या ओळीवर गेलात की सगळा एकदम पांढरा!

असं का होतं? स्क्रीनवर वीस ओळी दिसत असल्या, तरी टेक्स्ट बॉक्स एकच आहे. तो रबरी शिक्क्यासारखा प्रत्येक ओळीत उमटतो. तुम्ही शिक्क्याची शाई बदललीत, की सगळे ठसे बदलणारच. आणि ऑन करंट बघतं फक्त तुम्ही उभे आहात ती ओळ. म्हणजे कर्सर चांगल्या औषधावर असताना त्याच्या खालचं मुदत संपलेलं औषधही पांढरं दिसतं. औषध देणारा माणूस रंगावर विसंबला, तर ते रुग्णाच्या हातात जाऊ शकतं. सगळं लाल दिसलं तर निदान शंका येते. सगळं पांढरं दिसलं तर तीही येत नाही.

यावर उपाय म्हणजे कंडिशनल फॉरमॅटिंग. ही सोय ॲक्सेस २००० पासून आहे. इथे आपण डब्याला रंग देत नाही, नियम देतो, आणि ॲक्सेस तो प्रत्येक ओळीला वेगळा लावून बघतं. मुदतीचा टेक्स्ट बॉक्स निवडा, फॉरमॅट टॅबवर कंडिशनल फॉरमॅटिंग उघडा, न्यू रूल दाबा. आपल्याला तीन नियम हवेत, आणि याच क्रमाने.

पहिला, तारीख रिकामी असेल तर पिवळा. यासाठी एक्स्प्रेशन इज निवडून इझनल हे फंक्शन वापरा आणि त्याच्या कंसात रकान्याचं नाव द्या. हा नियम बरेच जण विसरतात. रिकाम्या तारखेची आजच्या तारखेशी तुलना केली, तर उत्तर 'हो' असं कधीच येत नाही. म्हणून ती ओळ पांढरी राहते आणि चांगल्या औषधासारखी दिसते. नवीन नोंदीची शेवटची कोरी ओळही पिवळी दिसेल, त्याने घाबरू नका.

दुसरा, तारीख आजच्यापेक्षा आधीची असेल तर लाल. फील्ड व्हॅल्यू इज, लेस दॅन, आणि पुढे डेट हे फंक्शन रिकाम्या कंसासह, इंग्रजी अक्षरांत.

तिसरा, तारीख आज अधिक तीस दिवस किंवा त्याआधीची असेल तर नारिंगी.

क्रम का महत्त्वाचा? वरून पहिला जो नियम खरा ठरतो, तोच लागतो. नारिंगीचा नियम वर ठेवलात, तर मुदत संपलेली औषधंही नारिंगीच दिसतील, कारण तीही त्या अटीत बसतात. ॲक्सेस २००७ पर्यंत असे तीनच नियम देता येत. २०१० पासून ५० देता येतात.

फॉर्म डेटाशीट व्ह्यूमध्ये वापरत असाल, तर टेक्स्ट बॉक्सचा बॅक कलर तिथे दिसतच नाही. कंडिशनल फॉरमॅटिंग मात्र दिसतं. तिथे पूर्ण रकाना रंगवायचा असेल, तर एक्स्प्रेशन इज निवडून नुसतं ट्रू लिहा.

आणखी काही काळज्या. मुदतीचा रकाना टेबलमध्ये तारीख या प्रकाराचाच असू द्या, मजकूर नको. आपल्याकडे औषधाच्या पाकिटावर बहुधा महिना आणि वर्षच छापतात, आणि औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. म्हणून नोंद करताना शेवटचा दिवस टाका. एक तारीख टाकलीत, तर चांगलं औषध महिनाभर आधीच लाल होईल. आणि 'आज' म्हणजे काय, हे संगणकाचं घड्याळ ठरवतं. जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपून तारीख मागे गेली असेल, तर संपलेली औषधं पांढरी दिसतील. काहींना लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी लाल नियमात अक्षरं ठळकही करा.

शेवटी तपासणी. चार नोंदी टाका : एक कालच्या तारखेची, एक दहा दिवसांनंतरची, एक वर्षानंतरची आणि एक बिनतारखेची. लाल, नारिंगी, पांढरा, पिवळा असे रंग यायला हवेत. आता प्रत्येक ओळीवर क्लिक करून बघा. कर्सर फिरला तरी रंग जागचे हलता कामा नयेत. हलले, तर कुठेतरी जुना कोड अजून शिल्लक आहे. तो आधी काढा, मगच फॉर्म दुसऱ्याच्या हाती द्या.