तो येईपर्यंतची कामं

फुलसावंगीत दिवाळी येते ती कापसाच्या वेचणीच्या धांदलीत; वाट सणाची, हात कामात. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं हे गाव. ‘कुणीतरी यायचं आहे’ ही गोष्ट या मुलखात कुणालाच परकी नाही. कल्की अवतार अजून व्हायचा आहे, बौद्ध परंपरेत मैत्रेय यायचा आहे, हजरत ईसा परत येतील असं मुसलमानही मानतात. जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज थोडका, पण येशू परत येणार हा तर त्याच्या श्रद्धेचा कणाच आहे. प्रभुभोजनाची भाकर मोडायची, तीही तो येईपर्यंत.

या आशेची पहिली परीक्षा झाली ती मरणाच्या दारी. इसवी सन 50 च्या सुमारास थेस्सलनीकाच्या मंडळीला घोर पडला होता: प्रभू यायच्या आधीच आपली माणसं गेली, त्यांचं काय? प्रेषित पौलानं पत्रातून कळवलं, ती मागे राहणार नाहीत; आधी तीच उठतील, मग सगळ्यांची भेट होईल, तेव्हा एकमेकांना धीर द्या. दफनाच्या वेळी हा भाग आजही वाचतात. थडग्यावर ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ असं कोरतात, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे मृताचे पाय पूर्वेकडे ठेवतात, म्हणजे उठताना तोंड उगवतीला. शोक करू नका असं पौल म्हणत नाही. आशा सोडून करू नका, एवढंच.

त्याच मंडळीत काही जण कामधंदा सोडून बसले, तेव्हा मात्र पौलानं खडसावलं: काम नको असेल तर जेवणही नको. ही खोड पुढेही गेली नाही. विल्यम मिलर या अमेरिकी शेतकऱ्यानं पवित्र शास्त्रातून हिशेब मांडला आणि अखेर त्याच्या अनुयायांत प्रभूच्या येण्याचा दिवस ठरला: 22 ऑक्टोबर 1844. काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही. दिवस मावळला, कुणी आलं नाही. तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, असं खुद्द येशूनं सांगून ठेवलेलं; तरी माणसाला तारीख हवी असते! त्या फजितीतून सावरलेल्यांतूनच 1863 मध्ये सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. तारखा टाकून ती शाळा-दवाखान्यांकडे वळली. पुण्याचं स्पायसर कॉलेज त्यांचंच.

इकडे यवतमाळकडेही वाट बघता बघता काम करणारी माणसं आली, ती फ्री मेथॉडिस्ट मिशनची. त्यांचे पहिले मिशनरी अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे दांपत्य 1881 मध्ये भारतात उतरलं. यवतमाळात 1953 मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली. 1983 मध्ये ती पुण्याला हलली. उमरीला ख्रिश्चन हॉस्पिटल उभं राहिलं. जग आता संपणारच आहे असं म्हणून हात झटकणारी माणसं दवाखान्याचा पाया कशाला खणतील?

पण धीर आणि काम यांची सांगड बघायची तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावलाच जावं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि उपासमारीनं खंगलेल्या बाया-मुलींना घेऊन आल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये विणकाम, शेती, स्वयंपाक आणि छापखानाही चाले. 1905 मध्ये तिथं प्रार्थनेची मोठी लाट उसळली. ती ओसरल्यावरही माग थांबले नाहीत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत बायबल आणायला बसल्या. खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या सगळ्या मुक्तीच्याच मुली.

जुलै 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, वयाच्या 40 व्या वर्षी. मिशनचा भार जिच्यावर टाकायचा तीच हातची गेली. मुलीची पुन्हा भेट होणार यावर रमाबाईंचा विश्वास होता. तरी त्या भेटीची वाट बघत त्या बसून राहिल्या नाहीत. भाषांतर हातावेगळं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. मुक्तीच्या छापखान्यातून अख्खं बायबल बाहेर पडलं ते 1924 मध्ये.