सर्व्हर डाऊन आहे, उद्या या!

बँकेत, तिकिटाच्या खिडकीवर, ऑनलाइन फॉर्म भरताना... हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आता सापडणं कठीण. पण हा सर्व्हर असतो तरी कोण? आणि तो 'पडतो' म्हणजे नेमकं होतं काय?

दिवाळीनंतर डेडलाइन्सना चक्क टांग मारून चार दिवस मामाकडे हिंगणीला गेले होते. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं, बोर धरणाच्या वाटेवरचं हे गाव. वाघ बघायला बोरच्या जंगलात जाणारी शहरी मंडळी गाडीच्या काचेतूनच याला टाटा करतात.

दुपारी मामा घरी आला तो घुश्शातच. टोपी खुंटीला अडकवत म्हणाला, "सर्वर डाऊन हाय म्हनते. उद्या या म्हनते."

एका ऑनलाइन कामासाठी अंगठा लावायचा होता. ही त्याची तिसरी खेप. आणि दिवस कुठले? ऐन कापूस वेचणीचे! शेतात मजूर लावलेले आणि हा रांगेत उभा. जेवताना त्याने मला थेट गाठलं, "तू त पेपरात लिहतं ना व? मंग सांग बरं, हा सर्वर हाय कोन? अन् रोज रोज काऊन पडते?"

घास घशातच अडकला. मासकॉमची डिग्री, दिवसातले दहा तास लॅपटॉपसमोर, आणि उत्तर? शून्य! पुण्याला परतल्यावर आयटीतल्या दोस्तांचं डोकं खाल्लं, बरंच वाचलं. जे कळलं ते मामाच्या भाषेत सांगून बघते.

वाढपी नावाचा कॉम्प्युटर

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. पाटावर बसलेले आपण, म्हणजे आपले मोबाइल आणि लॅपटॉप. आपण "वरण!" म्हणून हाक मारतो आणि वाढपी धावत येतो. हा वाढपी म्हणजे सर्व्हर. मागे भटारखान्यात मोठमोठी पातेली असतात, तो डेटाबेस. तुमचं नाव, खातं, मार्क, सगळं तिथे. वाढपी तिथून आणतो आणि तुमच्या पानात वाढतो. बस्स, एवढंच!

म्हणजे सर्व्हर हा कुणी जादूगार नव्हे. तोही कॉम्प्युटरच. फक्त चोवीस तास जागा आणि एकाच वेळी हजारोंच्या हाका ऐकणारा. जगातला पहिला वेब सर्व्हर म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरचा एक साधा कॉम्प्युटर होता. कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईने हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती, की हा सर्व्हर आहे, बंद करू नका! तेव्हापासूनच भीती एकच: हा बंद पडला तर?

पाचशेंचा स्वयंपाक, पाच हजारांची पंगत

पडण्याचं सगळ्यात ओळखीचं कारण म्हणजे गर्दी. १६ जुलै २०२१ आठवतोय? दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागणार होता. परीक्षाच झाली नव्हती, त्यामुळे मार्कांची उत्सुकता दुप्पट. पंधरा लाखांहून जास्त मुलं आणि त्यांचे आई-बाबा, काका, मावश्या एकाच मिनिटाला वेबसाइटवर धडकले. साइट तासन् तास उघडेना. निकाल ९९.९५ टक्के, पण दिसणार कसा?

वाढपी दहा आणि हाका दहा हजार असल्या की असंच होतं. हाका रांगेत साचतात, सर्व्हरची मेमरी भरते आणि शेवटी तो कुणालाच वाढू शकत नाही. त्यात आपण काय करतो? दर पाच सेकंदांनी रिफ्रेश! म्हणजे वरण आलं नाही म्हणून त्याच माणसाने पुन्हा पुन्हा ओरडायचं. रांग आणखी लांबते.

यावर उपाय आहे. वाढपी वाढवायचे आणि आलेल्या गर्दीला कमी भरलेल्या पंगतीकडे वळवणारा एक माणूस दारात उभा करायचा. आयटीवाले त्याला 'लोड बॅलन्सर' म्हणतात. निकालाची तारीख आधीच ठरलेली असते. म्हणजे गर्दी अचानक नसते, अंदाज चुकलेला असतो.

मशीन ठणठणीत, माणूस चुकला

दुसरं कारण ऐकून मी उडालेच. पुष्कळदा सर्व्हर पडतो तो कुणीतरी काहीतरी 'सुधारायला' गेल्यावर! ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास गायब होतं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आदेशाने कंपनीची डेटा सेंटर्स इंटरनेटपासून तुटली होती. वाढपी जागेवरच, पण मांडवाचा पत्ताच हरवलेला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर आडवे झाले. भारतात काही प्रवाशांना तर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

कधी कारण अगदीच घरगुती असतं. ३ फेब्रुवारी २०२० ला मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद पडलं, कारण एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि नूतनीकरण राहून गेलं होतं. गाडीचा इन्शुरन्स विसरणारे आपण एकटेच नाही तर!

ऊन, वीज आणि जेसीबी

सर्व्हर तापतो. १९ जुलै २०२२ ला लंडनचा पारा चाळिशीपार गेला, तेव्हा गुगल आणि ओरॅकलच्या तिथल्या डेटा सेंटर्समध्ये कूलिंग कोलमडलं. चाळीस! वर्ध्याचा मे महिना हे ऐकून हसेल. शिवाय डिस्क झिजते, पॉवर सप्लाय जळतो, वीज जाते. आणि रस्त्याचं काम काढलं की जेसीबीचा एक फटका जमिनीतल्या फायबर केबलला पुरतो.

इथे एक गंमत आहे. केबल तुटली तर सर्व्हर पडलेला नसतोच, पण खिडकीवर वाक्य तेच, 'सर्व्हर डाऊन'. मामाचा अंगठा यंत्रावरून निघतो, मग टॉवर किंवा केबल, मग योजनेचा सर्व्हर, मग ओळख पटवणारा सर्व्हर, मग डेटाबेस. एकूण पाच कड्या धरा. प्रत्येक कडी ९९ टक्के वेळ चालू असली तरी पाचही एकदम चालू असण्याची शक्यता उरते सुमारे ९५ टक्के. म्हणजे वर्षातले जवळपास १८ दिवस 'उद्या या'!

दुसरा आहे का?

म्हणूनच जाणकार मंडळी 'पडलाच कसा' यापेक्षा 'दुसरा कुठे होता' हे आधी विचारतात. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. टेलिकॉम लिंक दोन कंपन्यांच्या होत्या, पण अडचण दोन्हींत आली. पर्यायी केंद्र होतं, पण काम तिकडे हलवलं गेलं नाही. दुसरा नुसता असून भागत नाही, तो वेळेवर उभाही राहावा लागतो.

आणि बॅकअप? सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवणाऱ्या एका यंत्रणेची बाहेर कुठे प्रतच नव्हती. झालं, सगळं गेलं.

चौकट: 'सर्व्हर डाऊन' ऐकल्यावर...

* आधी आपलं नेट तपासा. दुसऱ्या नेटवर्कवरून उघडतंय का?
* रिफ्रेशचा मारा नको. पाच-दहा मिनिटं थांबा.
* पैसे अडकले तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट ठेवा.
* शेवटच्या तारखेची वाट बघू नका. पंगत तेव्हाच भरते.
* खिडकीवर विचारा: फक्त इथेच बंद आहे, की सगळीकडे? मुदत वाढणार का?
* '९९.९ टक्के चालू' म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद. सेवा घेताना हा हिशेब करा.

हे सगळं मी रात्री मामाला फोनवर सांगितलं. वाढपी त्याला फार आवडला. मग थोडा वेळ शांत राहून म्हणाला, "पेरनी उलटली त दुबार पेराले बेनं लागते. म्हून मी पोतंभर बेनं अलग ठेवतो, तेबी भावाच्या घरी. आपलं घर जळलं तरी बेनं राह्यलं पायजे. इतके शिकलेले लोक, थे काऊन नाई ठेवत?"

पूर्वी साहेब जागेवर नसायचे, आता सर्व्हर नसतो. आपल्यासाठी तो फार तर एक वैतागलेला स्टेटस अपडेट. मामासाठी मात्र तो वेचणीचा अख्खा दिवस असतो. त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी शोधून आणलं. हा दुसरा प्रश्न माझा नाही, सर्व्हर चालवणाऱ्यांचा आहे.

आणि हो, काम झालं त्याचं. पाचव्या खेपेला!