हिरव्या पाण्याची फसवणूक

म्हैसूरमधल्या एका प्रयोगशाळेत खिडकीलगत काचेच्या टाक्या ओळीने मांडल्या आहेत. तळाशी भातखाचरातला गाळ, त्यात रोवलेली भाताची रोपं, वर वीतभर पाणी. पाण्यात शेवाळ, गोगलगाई, टाचणीच्या डोक्याएवढे डॅफ्निया नावाचे जलजीव आणि थोडे गप्पी मासे. अर्ध्या टाक्यांत कीटकनाशक पडणार. उरलेल्या ‘कंट्रोल’, म्हणजे तुलनेसाठी राखलेल्या.

गाळ आणला की लगेच औषध टाकून चालत नाही. गढूळपणा बसायला, शेवाळ धरायला, डॅफ्नियाची संख्या वाढायला काही आठवडे द्यावे लागतात. मग पिपेटने क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची मात्रा सोडतात. लिटरमागे एखाद-दुसरा मायक्रोग्रॅम, पण डॅफ्नियांना तेवढा पुरतो. दुसऱ्या दिवशी ते तळाशी निपचित पडलेले दिसतात. मासे मात्र मजेत फिरत असतात.

खरी गंमत पुढच्या आठवड्यात दिसते. औषधाच्या टाक्यांमधलं पाणी कंट्रोलपेक्षा हिरवं होऊ लागतं. नवख्या माणसाला तीच टाकी जास्त जिवंत वाटेल. प्रत्यक्षात शेवाळ चरणारे जीव मेले आहेत, म्हणून ते मोकाट वाढलं आहे. नेदरलँड्समधल्या अशाच प्रयोगांत क्लोरपायरिफॉसने हेच घडवलं होतं. एकट्या माशावर किंवा एकट्या डॅफ्नियावर चाचणी घेतली असती, तर हा परिणाम कधीच दिसला नसता.

यानंतरचं काम जमाखर्चाचं. पाणी, गाळ, रोपं, मासे यांचे नमुने वेगवेगळे घ्यायचे, विद्रावकात अर्क काढायचा आणि गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये तपासायचा. टाकीची काचसुद्धा विद्रावकाने धुऊन घेतात, कारण थोडं औषध तिलाही चिकटतं. पाण्यातला आकडा झपाट्याने उतरतो. पण औषध सगळं नाहीसं झालेलं नसतं. क्लोरपायरिफॉस पाण्यात जेमतेम विरघळतं. सेंद्रिय गाळाला आणि प्राण्यांच्या चरबीला ते धरून बसतं. काही हवेत उडून जातं, काही भागाचं विघटन होऊन टीसीपी नावाचं संयुग तयार होतं. ते मात्र पाण्यात सहज मिसळतं आणि जमिनीत झिरपू शकतं. फक्त मूळ औषध शोधणाऱ्याच्या हातून तेही निसटतं.

टाकीत छोटी परिसंस्था उभारून औषधाचा माग काढायची ही पद्धत रुजवली कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट मेटकाफ यांनी. १९७१ साली इलिनॉयमध्ये संघा आणि कपूर या सहकाऱ्यांसह त्यांनी टाकीतल्या वाळूच्या उतारावर ज्वारी लावली, पानांवर किरणोत्सारी खूण असलेलं औषध लावलं आणि ती पानं सुरवंटांना खाऊ घातली. सुरवंटांच्या विष्ठेतून औषध पाण्यात आलं. तिथून शेवाळ, डासांच्या अळ्या, गोगलगाय आणि मासा. ३३ दिवसांच्या त्या प्रयोगात डीडीटीचं माशातलं प्रमाण पाण्याच्या ८० हजारांहून अधिक पट भरलं. भारतात शेतीसाठी डीडीटीवर बंदी आली ती १९८९ मध्ये.

टाकीला मर्यादा आहेतच. तिच्यात कालव्याचं वाहतं पाणी नाही, मुसळधार पाऊस नाही, शेजारच्या शेतातली दुसरी फवारणी नाही. त्यामुळे म्हैसूरजवळच्या मंड्यातल्या एखाद्या खाचरात नेमकं काय होईल, ते ती सांगू शकत नाही. दोन औषधांपैकी कोणतं गाळात ठाण मांडेल आणि कोणतं माशात साठेल, हे मात्र शेतात फवारण्याआधीच सांगू शकते. म्हणून तळ्याचं किंवा विहिरीचं पाणी ‘निर्दोष’ असल्याचा अहवाल कोणी हातात ठेवला, तर एवढंच विचारा: गाळ तपासला का, आणि मासे?