जुन्या कीर्तनांच्या व उत्सवांच्या चित्रफिती संगणकावर कशा पाहाव्यात?



ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाचा आरंभ शहनाईवादन, ढोलीबुवा परंपरेतील हरिकथा व मीलाद यांनी होतो, हे आपण जाणताच. अशा मोठ्या सोहळ्यांच्या नोंदी अनेकांकडे असतात. परंतु लष्कर भागातील एखाद्या वाड्यात गणेशोत्सवात झालेले कीर्तन, रामनवमीचे पाळणे किंवा आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन यांची नोंद बहुधा एकाच ठिकाणी असते: त्या घरच्या कपाटात ठेवलेल्या सीडीवर. पुष्कळदा ती सीडी संगणकात घातली की 'फाइल उघडता येत नाही' असा संदेश येतो आणि चित्रण खराब झाले असे समजून तबकडी टाकून दिली जाते. असे करू नये, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच. बहुतेक वेळा चित्रण सुस्थितीत असते. ते उलगडण्याची विद्या त्या संगणकातील प्रोग्रामकडे नसते, इतकेच.

फाइलच्या नावापुढील शेपटी, म्हणजे डॅट, एव्हीआय, एमओडी ही अक्षरे, डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखी असतात. चिठ्ठीवर 'साखर' लिहिले तरी आत रवा असू शकतो. आतील चित्र व ध्वनी कोणत्या पद्धतीने आकुंचित केले आहेत, ती पद्धत म्हणजे 'कोडेक'. एकाच एव्हीआय डब्यात १९९० च्या दशकातील इंडिओ असेल किंवा नंतरचे डिव्हएक्स असेल. आत नेमके काय आहे हे 'मीडियाइन्फो' नावाचा विनामूल्य प्रोग्राम क्षणात सांगतो. चित्र न दिसता केवळ आवाज येत असेल, तर प्रथम त्यालाच विचारावे.

म्हणून प्रोग्राम निवडताना आम्ही एकच कसोटी मुख्य मानतो: कोडेक त्याने स्वतःबरोबर आणलेले असावेत, बाहेरून मागवावे लागू नयेत. व्हीएलसी या कसोटीस उतरतो. १९९६ मध्ये पॅरिसमधील विद्यार्थ्यांनी आरंभिलेला हा प्रकल्प २००१ पासून मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध आहे. घरातील ज्येष्ठांसाठी आम्ही तोच सुचवतो. एमपीव्ही हा प्रोग्रामही समर्थ आहे. मात्र त्यात बटणे थोडी, कळफलकाचा वापर अधिक. मीडिया प्लेयर क्लासिक होम सिनेमाचे मूळ काम २०१७ मध्ये थांबले, तरी पुढे दुसऱ्या विकासकाने ते चालू ठेवले. विंडोजवरील क्विकटाइम मात्र काढूनच टाकावे. २०१६ मध्ये ॲपलने त्याची देखभाल सोडली आणि त्यातील सुरक्षेची छिद्रे तशीच राहिली.

प्रोग्राम कोठून घ्यावा, हेही तितकेच महत्त्वाचे. २०२२ मध्ये काही महिने व्हीएलसीचे मूळ संकेतस्थळ भारतात उघडत नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. अशा वेळी शोधयंत्रात प्रथम दिसेल तेथून प्रोग्राम उतरवण्याचा मोह होतो, आणि फसवे प्रोग्राम नेमके तेथेच दबा धरून असतात. 'ही चित्रफीत पाहण्यासाठी कोडेक उतरवा' असे सांगणाऱ्या खिडकीवर तर कदापि टिचकी मारू नये. व्हीएलसी 'व्हिडिओलॅन डॉट ओआरजी' येथूनच घ्यावा.

आपल्याकडे सर्वांत अधिक त्रास देते ती व्हीसीडी. व्हीएचएस फितींवरून अनेक घरांनी अशा तबकड्या करून घेतल्या. त्यातील 'एमपीईजीएव्ही' या फोल्डरमध्ये डॅट फाइल असते. तिच्यात ३५२ × २८८ बिंदूंचे एमपीईजी-१ चित्रण असते आणि व्हीएलसी ते सहज दाखवतो. अडचण निराळीच आहे. चित्रणाला अधिक जागा मिळावी म्हणून व्हीसीडीत चूक दुरुस्त करणारी जादा माहिती कमी ठेवलेली असते. त्यामुळे साध्या माहितीच्या सीडीला जो ओरखडा सहन होतो, तो व्हीसीडीला होत नाही आणि फाइलची नक्कल मध्येच अडते. तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एका यंत्राला न वाचलेले दुसऱ्याला वाचता येते, हा अनेकांचा अनुभव आहे. संपूर्ण तबकडीची प्रतिकृती घ्यायची असल्यास ती 'बिन' व 'क्यू' या जोडीत घ्यावी. साधी 'आयएसओ' प्रतिकृती व्हीसीडीला पुरत नाही.

काही हँडीकॅम चित्रण एमओडी फाइलमध्ये ठेवत. आत साधे एमपीईजी-२ असते, पण रुंद चित्र कधी कधी अरुंद दिसते आणि सगळी मंडळी उंच व कृश भासतात. व्हीएलसीमध्ये 'ए' ही कळ दाबून १६:९ हे प्रमाण निवडावे. कीर्तनकारांचा चिपळ्यांचा हात हलताना फणीच्या दातांसारख्या रेघा दिसल्या, तर 'डी' कळ दाबावी. हा चित्रणातील दोष नव्हे. जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत नोंदले जाई, त्याचा तो परिणाम. मंद इंटरनेटच्या काळातील रिअलमीडियाची आरएम फाइल व्हीएलसीत अडखळली, तर एमपीव्हीत पाहावी.

परगावच्या नातलगांना पाठवण्यासाठी हँडब्रेक या विनामूल्य प्रोग्रामने एमपी४ प्रत करता येते. परंतु ती प्रत म्हणजे मूळ चित्रण नव्हे. प्रत्येक रूपांतरात काही तपशील गळतो, आणि व्हॉट्सॲपवरून साधा व्हिडिओ म्हणून पाठवल्यास आणखी गळतो. मूळ फाइल जशीच्या तशी, नावही न बदलता, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी. सोबत एका साध्या मजकूर-फाइलमध्ये तिथी, स्थळ, कीर्तनकारांचे नाव आणि पेटी व तबल्यावर कोण होते, हे लिहावे. पेटीवर बसलेले गृहस्थ कोण, हे सांगू शकणारी मंडळी घरात आहेत तोवरच हे काम उरकून घ्यावे, ही विनंती.