तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर?

"तोंड आलंय, उष्णता झाली असेल." आपल्या घरांत हे वाक्य नेहमीचंच. मग कुणी तूप लावतं, कुणी मेडिकलमधून जेल आणतं. बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत तोंड बरंही होतं. पण जी जखम भरत नाही, तिचं काय? तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून आपण दाखवत नाही, आणि इथेच घात होतो.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो खाल्ला जातोच. शिवाय तंबाखू आहे, मावा आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बायका मशेरी लावतात, त्याला तर आपण व्यसन म्हणतच नाही. "मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो," म्हणणाऱ्यांनीही सावध राहावं. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होऊ शकतो.

ही लक्षणं ओळखा :

• दोन आठवड्यांत न भरणारी जखम
• पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा
• साधं तिखटही झोंबणं, तोंड कमी उघडणं
• गालात, जिभेवर किंवा मानेत गाठ
• कारण नसताना दात हलणं, जीभ किंवा ओठ बधिर होणं
• गिळायला त्रास, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज

तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का, तेही पाहा. पूर्वी जात होती आणि आता अडतात, तर डॉक्टरांना दाखवा.

महिन्याचा पहिला जुमा ठरवून घ्या. आरसा आणि मोबाईलची बॅटरी पुरे. कवळी असेल तर काढा. ओठ, गालाची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा बघा. काही दिसलं तर फोटो काढून तारीख लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. तसंच असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे किंवा सरकारी दवाखान्यात जा. गाठ लागली किंवा जखमेतून रक्त येत असेल, तर मात्र दोन आठवडेही थांबू नका.

डॉक्टर तुकडा काढून तपासायला सांगतील. "सुई लागली की कॅन्सर पसरतो" या भीतीने अनेकजण तिथूनच परत येतात. ही भीती खोटी आहे. रोग तपासणीने नाही, उशिराने पसरतो.

प्रत्येक जखम म्हणजे कॅन्सर नव्हे, हेही खरं. तीस वर्षांवरील लोकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत तोंडाची तपासणी होते; आपल्या भागातल्या आशाताईंना विचारा. आणि अम्मी "मला काही झालेलं नाही" म्हणत असतील, तर तुम्हीच शेजारी बसा आणि बॅटरी धरा. लवकर सापडलेला हा आजार बरा होऊ शकतो.