हुकूम काढायचे की राखायचे?

मेंढीकोट येणाऱ्याला ब्रिजची पहिली पायरी शिकवावी लागत नाही. समोरासमोर बसलेले भिडू, प्रत्येकाला तेरा पाने, आलेल्या रंगाचे पान असेल तर तेच टाकायचे, नसेल तर हवे तर हुकमाने कापायचे, हे आपण घरीच शिकलेलो असतो. फरक पुढे आहे. ब्रिजमध्ये आधी बोली लागते; हुकूम कोणता आणि हात किती करणार, याचा करार होतो. करार घेणारा तो डिक्लेअरर. त्याच्या डावीकडचा विरोधक पहिले पान उतरतो, आणि लगेच डिक्लेअररचा भिडू आपली तेराही पाने टेबलावर उघडी मांडतो. ही उघडी पाने म्हणजे डमी. पुढे दोन्हीकडची पाने डिक्लेअरर एकटाच खेळतो.

डमी उघडली की बहुतेकांचा हात सळसळतो. नेमके तिथेच थांबायचे. गझलेच्या मतल्यात काफिया आणि रदीफ ठरले की पुढचे सगळे शेर त्यांना बांधलेले असतात. डमीतून टाकलेले पहिले पान तसेच असते. म्हणून ते टाकण्याआधी मोजायचे: हक्काचे हात किती, हवेत किती, आणि उरलेले कुठून येणार?

नवशिक्याला सांगतात, आधी हुकूम काढून घे. सल्ला चांगला आहे. विरोधकांकडे हुकूम राहिले तर ते दुर्रीनेही आपला एक्का कापतात. पण हा नियम आंधळेपणाने पाळला की काय होते, ते एका डावात पाहू.

इस्पिक हुकूम आहे आणि आपण बारा हातांचा करार घेतला आहे. आपल्याकडे इस्पिकचे एक्का, गुलाम, नव्वी, सत्ती. बदामाचा एक्का आणि चार बारीक पाने. चौकटचे एकच बारीक पान. किलवरचा राजा आणि दोन बारीक. डमीत इस्पिकचे राजा, राणी, दश्शी, अठ्ठी. बदामाचे एकच बारीक पान. चौकटचा एक्का आणि चार बारीक. किलवरचा एक्का आणि दोन बारीक. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ असे मोजले तर दोन्हीकडे मिळून २५ गुण होतात. बारा हातांना साधारणपणे ३३ लागतात असे मानतात.

विरोधकाने किलवरची राणी उतरली. आता मोजा. हुकमाबाहेरचे हक्काचे हात चार: बदामाचा एक्का, चौकटचा एक्का, किलवरचे एक्का आणि राजा. हुकूम काढायला गेलो, तर विरोधकांचे पाच हुकूम ३-२ वाटलेले असले तरी तीन फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीत आपली दोन पाने जातात. आठ हुकमांचे हात होतात पाचच. चार आणि पाच, नऊ. करार तीन हातांनी बुडाला.

आता हुकूम काढूच नका. आपले बदाम डमीत कापा, डमीचे चौकट आपल्याकडे कापा. चार तिथे, चार इथे. आठ हुकमांचे आठ वेगळे हात, आणि वरचे चार: बारा. या आलटूनपालटून कापण्यालाच क्रॉस-रफ म्हणतात. विरोधकांकडे इस्पिकच्या दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पाने आहेत. आपले सर्वांत लहान हुकूम सत्ती. त्यामुळे आपल्या कापण्यावर त्यांना वरचढ कापता येत नाही.

पण इथे एक खाच आहे. राणीवर राजा घेऊन लगेच कापायला सुरुवात केली, तर ज्या विरोधकाचे बदाम वा चौकट संपतात, तो त्या जागी किलवर टाकू लागतो. शेवटी आपण मोठ्या विश्वासाने किलवरचा एक्का खेळतो, आणि तो इस्पिकच्या दुर्रीने कापतो. अकरा हातांवर डाव संपतो. म्हणून कापण्यापूर्वी किलवरचे दोन्ही हात, मग चौकटचा आणि बदामाचा एक्का उरकून घ्यायचे. विरोधकांकडे त्या रंगांची पाने आहेत, तोवरच आपले एक्के-राजे सुरक्षित.

दोघांतला फरक केवढा? आपण व्हल्नरेबल नसू, तर डुप्लिकेट ब्रिजमध्ये हा करार पूर्ण झाला की ९८० गुण मिळतात. एक हात कमी पडला की ५० जातात. शिवाय डुप्लिकेटमध्ये हीच पाने दुसऱ्या टेबलांवरही खेळली जातात. नशिबाला बोल लावायची सोय नाही.

विरोधकांनाही यावर उतारा आहे. त्यांनी पहिलेच पान हुकमाचे उतरले, तर एका फेरीत आपले दोन हुकूम खर्ची पडतात आणि बारावा हात नाहीसा होतो. बोलीवरून क्रॉस-रफचा वास आला की जाणते खेळाडू हुकूम उतरतात, ते यासाठीच.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिभनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष दुहेरीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा एक ६० वर्षांचे होते, दुसरे ५६ चे. मोजण्याची आणि थांबण्याची सवय वयाबरोबर जात नाही.

वरची सव्वीस पाने आज घरी मांडा, उरलेली पिसून दोघांना वाटा. एकदा घाईने खेळा, एकदा मोजून. फरक पानेच सांगतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)