गिटार घेतांना पैसा कोठें घालावा

हल्लीं घरांतील एखादी मुलगी गिटारीचा हट्ट धरते, आणि वडील मंडळी दुकानांत शिरून चकाकता रंग पाहतात. नाद मात्र रंगांत नसतो. स्पेनचा कारागीर आंतोनिओ दे तोरेस यानें १८६२ सालीं पाठ व कडा पुठ्ठ्याच्या, आणि वरची फळी तेवढी लाकडाची, अशी एक गिटार मुद्दाम केली. ती बार्सिलोनाच्या संग्रहालयांत आहे. आवाज वरच्या फळीचा, हेंच त्याला दाखवावयाचें होतें. म्हणून बेताच्या पैशांत नक्षी सोडावी आणि ही फळी अखंड लाकडाची मिळते का, तें पाहावें. प्लायवूड दमट हवेंत टिकतें खरें, पण नाद दबका देतें.

याहूनही महत्त्वाची आम्हांस तारांची उंची वाटते. पोलादी तार बाराव्या पडद्यापासून तीन मिलिमीटरांहून वर असेल, तर कोवळीं बोटें चार दिवसांत हुळहुळतात, वाद्य कोनाड्यांत पडतें आणि घरांत मुलीच्या धरसोडपणाचीच चर्चा होते! वास्तविक घोडीवरची पट्टी जाणत्या कारागिराकडून थोडी घासून घेतली, तर त्याच गिटारीवर बोट सहज बसतें. नायलॉनच्या तारांची गिटार बोटांस आणखी सौम्य. मात्र तिच्यावर पोलादी तारा कधींही चढवूं नयेत, त्यांच्या ताणानें घोडीच उखडण्याचें भय असतें.